धैर्यशीलचा लॅपटॉप

“न्यायचा असंल तर आत्ताच ने,” तात्या ओरडून म्हणाले.

ओरडून, कारण गिरणी चालू होती. तात्या पिसाळांशी बोलायचं म्हणजे दोघांनीही भांडल्यासारखं बोलायचं, हे आमच्या गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

“काय नेऊ?” मीही ओरडले. “ज्वारी आत्ता तर आणून ठेवली!”

“ज्वारी न्हवं गं. लॅपटॉप. घ्यायचाय म्हणत हुती की तुझी आई.”

आमची आई दळणाच्या रांगेत उभी राहिली की घरातलं काहीही गल्लीभर व्हायला वेळ लागत नसे. कराडातल्या काही दुकानदारांचे आयकराचे कागद भरून द्यायचं काम मी तेव्हा घरून सुरू केलं होतं. नवा लॅपटॉप परवडत नव्हता, म्हणून कुणाचा तरी वापरलेला मिळतो का बघत होते. पण पिसाळांच्या घरातला लॅपटॉप म्हटल्यावर तो कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती.

धैर्यशील तात्यांचा एकुलता एक मुलगा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. आदल्या वर्षी त्याचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, आणि मग त्यानं नाही म्हणून सांगितलं. का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मुलीकडची माणसं दारात येऊन तात्यांना नको नको ते बोलून गेली. ती माणसं गल्लीच्या तोंडाशी पोचली नसतील तोवर तात्यांनी भर गिरणीत, दळणाला आलेल्या बायकांसमोर, त्याच्या थोबाडीत मारली. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराच्या. तो अंगावरच्या कपड्यांनिशी गेला तो गेलाच. फोन बंद. दिवाळी गेली, शिमगा गेला, कुठं आहे त्याचा पत्ता नाही. मालनकाकू, म्हणजे त्याची आई, तेव्हापासून गिरणीच्या पुढच्या बाजूला येईनाशी झाली. घर गिरणीच्या पाठीमागंच, पण दिसायची नाही.

“तात्या, तो परत आला तर?” मी विचारलं.

“त्यो माझ्यालेखी गेला. त्याची एक वस्तू घरात नको मला.” त्यांनी पिठाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला लॅपटॉप गल्ल्याखालून काढला. “फक्त एक कर. आत जे काय असंल ते पुसून टाक. पार धुऊन काढ. आन तू बघायचं न्हाई. बघितलंस तरी मला सांगायचं न्हाई. काय काय निघंल त्यातनं, उगंच गावाला तमाशा.”

“काकूंना विचारलंत का?”

“तिला काय विचारायचं? तिला त्यातलं काय कळतंय?” ते म्हणाले. “मी तरी कुठं हात लावलाय त्याला? आजवर एकदाबी न्हाई.”

एवढं बोलून ते माझ्या ज्वारीकडे वळले. तात्यांच्या गिरणीत गव्हावर ज्वारी कधी पडली नाही, ही त्यांची सबंध पेठेत कीर्ती होती. गव्हाचं दळण संपलं की ते गिरणी रिकामी फिरवायचे, खालचं पीठ ब्रशनं झटकायचे, मगच ज्वारीचा डबा वर चढवायचे. घाई करणारीला सांगायचे, “बाई, भाकरी मोडली तर शिव्या तू मलाच देणार हायस.” त्या दिवशीही त्यांनी तेवढ्याच निगुतीनं गिरणी झटकली.

घरी आले तर आईनं पोतं बघूनच नाक मुरडलं.

“आधी बाहेर झटक ते. आणि पुसल्याशिवाय टेबलावर ठेवू नकोस. दुसऱ्याची वस्तू.”

आमच्याकडे जुन्या बाजारातून आणलेलं पातेलंही तीनदा राखेनं घासल्याशिवाय चुलीवर चढत नसे. मी त्याच घरची. ओलं फडकं आणि सेफ्टी पिन घेऊन पडवीत बसले. झाकणावर मधोमध कुंकवाचा डाग होता, बिजागरीत अक्षतांचे दोन दाणे अडकले होते. दसऱ्याला पूजा केली असणार, मला हसू आलं. आमच्याकडे शिलाई मशीनची होते, यांच्याकडे लॅपटॉपची. चालू करायच्या बटणाभोवती मात्र पीठ होतं, बोटानं दाबून दाबून बसलेलं. गिरणीवाल्याचं घर, पीठ कुठं नसणार? मी ते पिनेनं कोरून काढलं आणि वर स्पिरिटचा बोळा फिरवला.

मग लावून बघितला. निळा पडदा आला आणि त्यावर धैर्यशीलचा फोटो. टोपी उलटी घातलेली, मागं कोयनेचं पाणी, दात दाखवून हसतोय. खाली त्याचं नाव आणि पासवर्डाची रिकामी चौकट. माझा हात चुकून एंटरवर पडला. पासवर्ड चुकला, असं आलं, आणि चौकटीखाली इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली. विसरलो तर आठवावं म्हणून आपणच लिहून ठेवतो ना, तशी खूण.

आई रोज काय विचारते.

मी मोठ्यानं हसले. त्या दिवसांत माझी आई रोज एकच विचारायची, सगळ्या आया लग्नाच्या मुलामुलींना जे विचारतात तेच. मला वाटलं, याच्यामागंही तोच भुंगा असणार. बिचारा. मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, आणि लॅपटॉप मिटला. उत्तर घालून बघायचा प्रयत्नही केला नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, असं माझं तत्त्व होतं आणि मला त्याचा बराच अभिमान होता.

समीर शिकलगार कॉलेजात माझ्याबरोबर होता, त्याचं बसस्थानकासमोर कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याला फोन केला.

“साधं फॉरमॅट मारून देऊ?” तो म्हणाला. “पण ते वरवरचं असतं, सांगून ठेवतो. पाटी पुसली तरी खालची अक्षरं दिसतात ना, तसं. कुणी बसलं हट्टानं तर परत काढतं.”

“मग कुणालाही काढता येणार नाही असं काय करायचं?”

“सगळ्यावर शून्य लिहायचं. एका टोकापास्नं दुसऱ्या टोकापर्यंत. सीडी देतो, तूच लाव. दिवसभर चालंल.” मग जरा थांबून म्हणाला, “धैर्याचाच ना तो? उर्मिला, आधी उघडून बघू या का? पासवर्ड काढणं काही अवघड नाही. कुठं गेलाय ते तरी कळंल.”

“नको,” मी म्हटलं. “तात्यांना शब्द दिलाय.”

तरी ते मनातून जाईना. सीडी घेऊन येताना मी मुद्दाम गिरणीवरून आले. तात्या गव्हाचं पोतं शिवत होते. गिरणी चालूच.

“तात्या, आज पुसायला लावतेय. एकदा पुसलं की परत यायचं नाही, बरं का. ठेवायचं असलं काही तर आत्ताच सांगा. त्यात त्यानं पासवर्डाची खूण लिहून ठेवलीय. आईबद्दल आहे, काकूंना विचारलं तर...”

“काय म्हणलो हुतो मी?” त्यांनी दाभण वर धरला. “बघायचं न्हाई म्हणलो हुतो का न्हाई?”

“बघितलं नाही. बाहेरच लिहिलंय ते.”

“मग बाहेरच ऱ्हाऊ दे. पूस.”

मागच्या दाराचा पडदा हलत होता. काकू असेलही तिथं. पण त्या घरघराटात आत काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं, आणि मी काही तात्यांना ओलांडून आत जाणार नव्हते.

मी सीडी लावली. काळ्या पडद्यावर आकडे सरकत राहिले, आणि मी मधूनमधून येऊन बघत राहिले, गॅसवरचं दूध बघावं तसं. संध्याकाळी संपलं. त्यावर मी पुन्हा सगळं नव्यानं चढवलं, माझं नाव घातलं, आणि फोटोच्या जागी तिथं तयार होतं ते एक पिवळं फूल ठेवलं. पासवर्ड चांगला लांबलचक दिला. काम चोख झालं होतं आणि मी खूश होते. तो लॅपटॉप आता माझा होता.

मालनकाकू आली ती पुढच्या आठवड्यात, दुपारी. आई मावशीकडे गेली होती. दारात उभी राहिली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. हातात झाकलेली वाटी.

“जेवलीस का गं?” तिनं दारातूनच विचारलं.

“हो, मघाशीच. या ना काकू.”

“भाजणी दळली हुती, आणली जरा.” वाटी तिनं माझ्या हातात दिली, पण बसली नाही. खोलीभर नजर फिरवली आणि ती टेबलावर येऊन थांबली. “ह्ये झोपल्यात. उठायच्या आत जायला पायजे. मला म्हणाले दुरुस्तीला टाकलाय. आज तुझ्या आईनंच रस्त्यात सांगितलं, तुझ्याकडं हाय म्हणून.”

“बसा तरी.”

“न्हाई, बसत न्हाई. जरा लाव की तो. त्याचा चेहरा येतो तेवढा बघते आन जाते.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं.

“काकू, तुम्ही लावत होतात तो?”

“रोज. ह्ये दुपारचं पडलं की. हात धुवायचे, पदराला पुसायचे, मग ते कडंचं बटण दाबायचं. जरा निळं निळं होतं आन तो येतो.” ती थोडी हसली. “पुढचं काय मी दाबत न्हवते. त्यानं दार लावून घेतलंय, आपण कशाला ढकलायचं? बघायचं, कुंकू लावायचं, आन मिटून ठेवायचं. मला तेवढं बास हुतं.”

मी लॅपटॉप उघडला. काय करणार होते? खोटं बोलायला हवं होतं, बिघडलाय म्हणायला हवं होतं, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं. पण तेव्हा मी बटण दाबलं. काकू पदर सावरून पुढं सरकली, देवळात पडदा सरकायची वाट बघतात तशी. निळं झालं, आणि पिवळं फूल आलं.

“ह्यो न्हवं,” ती म्हणाली.

“काकू...”

“ह्यो न्हवं गं. टोपीवाला. कोयनेला गेला हुता दोस्तांसंगं तवाचा.”

“मी पुसलाय तो. तात्यांनी सांगितलं होतं.”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

“परत येत न्हाई? शिकलगाराचं पोरगं काढतं म्हणं गेलेलं. आमच्या वैनीच्या मोबाईलमधनं काढून दिलं हुतं लग्नाचे फोटो.”

“नाही येत. अगदी नीट पुसलंय, काकू. कुणालाच काढता येऊ नये असं.”

“असं व्हय,” ती म्हणाली आणि मग खुर्चीच्या कडेवर बसली. “आत काय हुतं गं?”

“मला माहीत नाही. कुलूप होतं. मी उघडलं नाही.”

“त्याचा एक दोस्त हुता बडोद्याला. कम्प्युटरवरनंच वळख झालेली, रात्रंदिस दोघं बोलायची. मला वाटतं तिकडंच गेला. पत्ता असंल त्यात, फोन असंल. मी म्हणलं, कधीतरी ह्यांचा राग निवंल, मग कुणाकडनं तरी उघडून घेऊ. आपलं हायच की घरात, जातंय कुठं.”

मला तिच्याकडं बघवेना. काहीतरी बरं बोलावं, तिला थोडं बरं वाटेल असं, म्हणून मी बोलले. देवाशपथ, तेवढ्यासाठीच बोलले.

“काकू, त्यानं तुमची आठवण ठेवली होती त्यात. कुलपाची खूण म्हणून तुमचंच लिहिलं होतं.”

“माझं? काय लिहिलं हुतं?”

“आई रोज काय विचारते, असं.”

तिनं क्षणाचाही विचार केला नाही.

“जेवलास का.”

माझ्या हातातल्या वाटीतली भाजणी अजून कोमट होती.

“आणखी काय विचारणार मी?” ती म्हणाली. “गिरणीत असला की मागच्या दारातनं, कालेजात असला की फोनवर. वैतागायचा. म्हणायचा, आई, तुला दुसरं काय येतं का?” मग तिनं लॅपटॉपकडं हात केला. “घाल की मग. घालून बघ. जेवलास का म्हणून घाल.”

“आता नाही घालता येणार, काकू. ते कुलूपच नाही राहिलं. आता माझं आहे तिथं.”

तिला ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा ती रडली नाही. नुसती त्या फुलाकडं बघत राहिली आणि हळू आवाजात, माझ्याशी नव्हेच, बोलली.

“म्हणजे मला येत हुतं. एवढे दिवस मी समोर बसून हुते आन मला येत हुतं.”

जाताना तिनं वाटी रिकामी करून मागितली. घरात वाटी दिसली नाही तर ते विचारतील, म्हणाली. “मी आलेली त्यांना सांगू नको, पोरी. लॅपटॉप मी बघत हुते हे त्यांस्नी ठाव न्हाई. उगंच त्यांच्या डोक्याला ताप.”

मी शब्द दिला. शब्द द्यायची मला सवयच होती.

त्यानंतर मी बरेच दिवस आईलाच दळणाला पाठवलं. शेवटी तिची कंबर धरली आणि मला जावं लागलं. गिरणी चालू होती. माझ्या आधी एका बाईचा गहू पडत होता, ती फळकुटावर बसून भाजी निवडत होती. मी ज्वारीचा डबा खाली ठेवला.

“बरा चाललाय न्हवं?” तात्यांनी विचारलं. कशाबद्दल ते त्यांनी सांगितलं नाही.

“चाललाय.”

“काय ऱ्हायलं न्हाई न्हवं आत?”

“काही नाही राहिलं.”

त्यांनी मान हलवली. ब्रश उचलला, परत ठेवला. मग जन्मात पहिल्यांदा ते चालू गिरणीत हळू बोलले. मला कान पुढं करावा लागला.

“ते लावल्या लावल्या फोटू यायचा त्याचा. उलट्या टोपीचा. त्योबी गेला का?”

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. नखांपर्यंत पीठ. अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक तर नुसतं पांढरं. मला माझी सेफ्टी पिन आठवली, आणि त्या बटणाभोवतीचं, दाबून दाबून बसलेलं पीठ. काकू तर हात धुऊन, पदराला पुसून बसायची.

एका घरात दोघं एकमेकांना चोरून एकच फोटो बघत होती, आणि हे सगळ्या जगात मला एकटीला माहीत होतं. सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिचं यांना, यांचं तिला, निदान ते उत्तर तरी. पण तिला शब्द दिला होता, आणि मागं बाई बसलेली होती, आणि माझं धाडस झालं नाही. धैर्यशीलचा पत्ता पुढंही कुणाला लागला नाही. आज इतक्या वर्षांनी मला त्या पुसण्याइतकंच त्या गप्प राहण्याचं वाईट वाटतं.

“गेला, तात्या,” मी म्हणाले.

“व्हय. जायचाच. मीच म्हणलो हुतो, पूस म्हणून.”

त्यांनी खाली वाकून माझा डबा उचलला आणि वर चढून गिरणीच्या तोंडात रिता केला. खाली त्या बाईचा गहू अजून पडत होता.

“अहो तात्या! गहू हाय की माझा!” बाई भाजी टाकून उठली.

तात्या रिकामा डबा हातात धरून तसेच उभे होते. त्यांना ऐकू गेलं नसावं. मी त्या बाईला हातानंच थांबवलं, पुढं झाले आणि मिळालं ते पीठ डब्यात भरून घेतलं.

संध्याकाळी आईनं परातीत पीठ घेतलं, दोनदा थापून बघितलं आणि हात झटकला.

“भाकरी वळेना. गहू आलाय यात. कुठं गेली होतीस दळायला?”

“तात्यांकडेच,” मी म्हटलं.

आईला ते खरं वाटलं नाही.